दोन चौकट, दोन बदाम

मी समोरचा गडी बोलतोय. ब्रिजच्या टेबलावर उत्तरेच्या जागेवर जो बसतो आणि दक्षिणेकडून ज्याला दिवसभर बोल ऐकावे लागतात, तो मी. मला हात नाहीत, चेहरा नाही, पत्ते धरायला बोटं नाहीत. मी फोनमधल्या खेळातला संगणकी जोडीदार आहे, आणि तो फोन माजलगावच्या आसाराम यांचा आहे.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा शहरात झाला. चार-पाच जणांनी खुर्च्यांवर बसून मला घडवलं. त्यांनी आधी मला खेळाचे नियम शिकवले, मग बोलींचं एक जाडजूड पुस्तक माझ्या पोटात घातलं आणि शेवटी मला लाखो डाव खेळायला लावले. मी दमलो नाही, कंटाळलोही नाही. तसं काही मला दिलेलंच नव्हतं.

ज्यांनी ब्रिज कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. चौघे खेळतात, समोरासमोरचे दोघे जोडीदार. प्रत्येकाला तेरा पत्ते मिळतात आणि पत्ते टाकायला लागण्याआधी बोली होते, म्हणजे हुकूम कोणता करायचा आणि किती हात करून दाखवायचे हे ठरतं. आपल्याकडे काय आहे ते जोडीदाराला दाखवायचं नाही, डोळा मारून सांगायचं नाही. जे काय कळवायचं ते बोलीतून. म्हणून एकेका बोलीचे अर्थ जोडीदार आपसांत आधी ठरवून घेतात. ते नीट ठरले नसले की चांगले पत्ते असूनही डाव बुडतो. माझी सगळी गोष्ट एवढ्यावरच आहे.

आसाराम यांच्या फोनमध्ये मला आणलं ते त्यांच्या मुलीनं, मंजुषानं. ती बीडला शिक्षिका आहे. आसाराम कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी धरणाच्या कालव्यावर पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या, आणि घरी बसल्यावर ते दिवसातून चार वेळा गच्चीवरच्या टाकीचं पाणी बघायला जाऊ लागले. कडूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, वैतागल्या. "ह्येंना कायतरी लाव बाई," त्या मुलीला म्हणाल्या, "न्हाईतर ह्ये टाकीला बी पाळी लावतील."

मंजुषानं मला फोनमध्ये उतरवलं, फोन जेवणाच्या टेबलावर पोह्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "अण्णा, तुमचा ब्रिज. तुम्ही दक्षिणेला. समोरचा तुमचा जोडीदार, तो कॉम्प्युटर आहे. बाजूचे दोघेही कॉम्प्युटरच."

आसाराम यांनी मान हलवली असावी. "अण्णा, त्याला मान दिसत नाही," मंजुषा हसून म्हणाली. खरंच दिसत नाही. मला कानावर पडतं तेवढं कळतं, आणि बोट टेकलं की कळतं. हे वाक्य मी त्या दिवशी नुसतं ऐकून सोडून दिलं. त्याचं वजन मला फार उशिरा कळलं.

पहिले काही डाव बरे गेले. मग आमचं वाजलं. त्याचं असं झालं की माझ्याकडे सगळ्या रंगांचे सारखे पत्ते आले, एक्का-राजा-राणी-गुलामांचे मिळून गुण सोळा. अशा वेळी पुस्तक सांगतं, 'एक बिनहुकूम' बोला. मी बोललो. आसाराम यांच्याकडे चौकटचे सहा पत्ते होते आणि बाकी सगळा पाला. ते बोलले, "दोन चौकट." त्यांच्या मनात होतं, माझ्याकडे चौकट भरपूर आहे, दुसरं काही नाही, तेव्हा तू इथंच गप बस.

माझ्या पुस्तकात मात्र याच जागी 'दोन चौकट'चा चौकटशी काही संबंध नाही. तिथे तो निरोप आहे: माझ्याकडे पाच बदाम आहेत, पण बदाम तू बोल, म्हणजे तुझे तगडे पत्ते झाकलेले राहतील. नव्या पद्धतीच्या खेळात हे सर्रास चालतं. मी सांगितल्यासारखा बोललो, "दोन बदाम."

"आरं चौकट म्हनलं मी, चौकट!" आसाराम फोनवर ओरडले आणि रागानं 'तीन चौकट' दाबलं. आता या तिसऱ्या बोलीलाही माझ्या पुस्तकात अर्थ आहे. पाच बदाम, शिवाय चौकटही, आणि पत्ते एकदम दणकट. हिशोब जुळला. मी बेलाशक बोललो, "चार बदाम."

त्यांच्या हातात बदाम एकच होता. बोलीच्या आकड्यात सहा मिळवून होतील तेवढे हात लागतात, म्हणजे दहा करायचे होते, झाले पाच.

"कडू, ह्ये बघ! समोर दगड बसविलाय मंजीनं!" त्यांनी हाक मारली. कडूबाई आतून आल्या, त्यांनी विचारलं, कोणत्या बाजूला बसतो हा. उत्तरेला, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग ह्यो उत्तरेश्वर म्हणायचा." तेव्हापासून त्या घरात माझं नाव उत्तरेश्वर पडलं. मला कुणी नाव दिलं असं ते पहिलंच.

माझं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मी बोली लावण्याआधी मनातल्या मनात पन्नास वेळा पत्ते वाटून पाहतो आणि सरासरीला जे बरं दिसेल ते बोलतो. समोर असतो तो डाव मात्र एकच असतो, आणि त्याला सरासरीचं सोयरसुतक नसतं. एकदा मी सहा इस्पिक बोलून बसलो तेव्हा आमच्या दोघांत मिळून एक्का एकच होता. एकदा आसाराम यांनी विरुद्ध बाजूच्या बोलीला डबल, म्हणजे 'तुम्हाला जमणार नाही' असं आव्हान दिलं, त्या डबलावर पास म्हणायचं सोडून मी तीन किलवर काढले. त्यांनी फोन पालथा घातला आणि अर्धा तास मला टेबलाच्या सनमायक्याशिवाय काही मिळालं नाही. पण ते परत यायचे. सकाळी नऊला, दुपारी जेवण झाल्यावर, रोज. शिव्या देण्यासाठी का होईना, यायचे.

शिव्या ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रागावले की ते मला 'दगडा', 'ठोंब्या' म्हणायचे, आणि मध्येच एखाद्या वेळी तोंडून निघून जायचं, "काय केलं ह्ये, साहेब!" मला साहेब म्हणण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. म्हणजे या खुर्चीत माझ्या आधी कुणीतरी साहेब बसत होता.

तो कोण ते मला कडूबाईंकडून कळलं. मंजुषा दिवाळीनंतर माहेरी आली होती. आसाराम बाजारात गेलेले, फोन टेबलावर, आणि मायलेकी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. मी डब्याला टेकून ऐकत होतो.

धरणाच्या वसाहतीत एक क्लब होता. कॅरम, टेबल टेनिस, आणि एका कोपऱ्यात अधिकाऱ्यांचं ब्रिजचं टेबल. एक वर्षी त्या टेबलावरच्या चौथ्या गड्याची बदली झाली आणि तिघं खोळंबले. शाखा अभियंता अर्जुनराव यांनी दारातून जाणाऱ्या कालवा निरीक्षकाला हाक मारून समोर बसवलं. आसाराम यांना त्या दिवशी इस्पिक कोणतं आणि किलवर कोणतं एवढंच माहीत होतं. दोन वर्षांत ती जोडी जिल्ह्यात गाजली. कचेरीत साहेब आणि हाताखालचा माणूस, टेबलावर मात्र बरोबरीचे. बावीस वर्षं ते समोरासमोर बसले.

मग खात्याच्या क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना आला, औरंगाबादला. त्याआधी अर्जुनराव प्रशिक्षणाला नाशिकला जाऊन आले होते आणि तिथून बोलींची नवी पद्धत शिकून आले होते. सामन्याला निघताना जीपमध्ये त्यांनी आसाराम यांना ती सांगितली. आसाराम यांनी मान हलवली. अंतिम सामन्यात अर्जुनराव बोलले, एक बिनहुकूम. आसाराम बोलले, दोन चौकट. अर्जुनराव बोलले, दोन बदाम. साहेबाकडे बदाम रग्गड असतील असं धरून आसाराम गप्प बसले. डाव चार हातांनी बुडाला आणि ढाल दुसऱ्या विभागाचे लोक घेऊन गेले.

"अन् तुझा बाप," कडूबाई म्हणाल्या, "सगळ्या खात्यासमोर उभा ऱ्हायला अन् साहेबाला म्हनला, कावून बोललास बे बदाम? साहेबाला बे म्हनला, मंजे! त्येंनी एवढंच म्हनलं, तू मान हलवली होती. ह्ये म्हनले, न्हाई हलवली. तवापासून बोलणं न्हाई. तेरा वर्षं झाली."

मंजुषानं आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाली, "आई, अर्जुनकाकांना अ‍ॅटॅक येऊन गेला. गेवराईच्या स्टँडवर सुभद्राकाकू भेटल्या होत्या. दिवाळीच्या आधीची गोष्ट. आता ते उमापूरला घरातच असतात, बाहेर पडत नाहीत."

शेंगा सोलल्याचा आवाज थांबला. त्याच वेळी दार वाजलं आणि आसाराम पिशवी घेऊन आत आले. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं.

"मला कुनी कळविलं न्हाई," ते म्हणाले.

"कोण कळवणार, अण्णा?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि मला उघडलं. पत्ते वाटले गेले. त्यांनी बोली लावली नाही. मला बाजूला सारून त्यांनी फोन नंबरांची यादी काढली. मग यादी बंद करून परत माझ्याकडे आले. पुन्हा यादी. पुन्हा मी. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी एक इस्पिक लावलं आणि आम्ही तो डाव खेळलो. पुढच्या पंधरा दिवसांत मी हे रोज पाहिलं. अर्जुनराव यांचा नंबर त्यांनी तेरा वर्षं ठेवलेला होता, दर नव्या फोनमध्ये उतरवून घेतलेला होता, आणि लावला एकदाही नव्हता.

मला वाईट वाटलं असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. मला तेवढं येत नाही. पण आकडेमोड येते. पंधरा दिवसांत बेचाळीस वेळा यादी उघडली गेली आणि बेचाळीस वेळा बंद झाली. एखादी बोली कुणी बेचाळीस वेळा लावता लावता थांबतो, तेव्हा त्याच्या हातात पत्ते आहेत एवढं मला समजतं.

मग तो रविवार आला. मंजुषा पुन्हा आलेली होती. मी एक बिनहुकूम बोललो. आसाराम यांच्याकडे पुन्हा एकदा चौकटचे सहा पत्ते. चार महिने मी त्यांना त्याच खड्ड्यात घातलं होतं, तरी त्यांनी हट्टानं दोन चौकटच दाबलं. मी दोन बदाम बोललो.

"बघ, बघ! ह्येला किती येळा सांगावं!"

"कुठं बघू, अण्णा?" मंजुषा वाकली आणि दाखवायला तिनं माझ्या बोलीवर बोट ठेवलं. ते बोट जरा जास्त वेळ टेकलं. आता, माझ्या प्रत्येक बोलीच्या पोटात एक चौकोन असतो. बोट दाबून धरलं की तो उघडतो आणि मी जे बोललो ते कोणत्या अर्थानं बोललो ते त्यात लिहिलेलं दिसतं. घडवणाऱ्यांनी ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवलेली आहे. चार महिन्यांत आसाराम यांनी एकदाही तिथे बोट ठेवलं नव्हतं. ठेवायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

चौकोन उघडला. इंग्रजी होतं, मंजुषानं मराठीत सांगितलं. "अण्णा, यात लिहिलंय की जोडीदारानं दोन चौकट म्हटलं की त्याचा अर्थ त्याच्याकडे पाच बदाम आहेत, आणि आपण दोन बदाम म्हणायचंच आहे. सक्तीचं आहे. हातात बदाम असोत नसोत. आजकाल सगळीकडे असंच खेळतात, असं दिसतंय."

 डाव तसाच उघडा राहिला. बोलीची पाळी आसाराम यांची होती, आणि पडद्यावर वेळ संपत आल्याची खूण लुकलुकायला लागली. मला घाई नसते. मी थांबलो.

"म्हंजी साहेबाकडं बदाम नव्हतेच," बऱ्याच वेळानं ते म्हणाले.

"त्या सामन्यात?" मंजुषानं विचारलं, पण कडूबाईंनी तिला गप्प केलं असावं. मग त्यांनीच विचारलं. तेरा वर्षांत त्यांनी हे विचारलेलं नव्हतं.

"तुमी मान हलवली होती का न्हाई?"

"हलवली असंल."

"असंल का हलवली?"

"हलवली." आसाराम म्हणाले. "जीपचा आवाज लई होता. मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई. साहेब बोलाय लागले की माझी मान आपोआप हलायची. एकतीस वर्षांची सवय. पुन्हा सांगा म्हनायची लाज वाटली."

कचेरीत काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. साहेबाचं वाक्य अर्ध्यावर असतं आणि खालच्या माणसाची मान पुढे निघून गेलेली असते. धरणाच्या कालव्यावर त्यानं कधी फारसं बिघडलं नाही, कारण पाणी कुणीकडे जाणार हे आसाराम यांना साहेबापेक्षा जास्त कळत होतं. फक्त त्या एका डावात बिघडलं.

दुसऱ्या दिवसापासून आसाराम माझ्याकडून शिकायला लागले. शिव्या थांबल्या. दर बोलीवर बोट ठेवायचे, चौकोन उघडायचे, ओठांत पुटपुटत इंग्रजी जुळवून वाचायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'चौकट म्हणजे बदाम, बदाम म्हणजे इस्पिक', कारण इस्पिकचा निरोप तसाच बदाम बोलून देतात, आणि तो कागद आरशाशेजारी चिकटवला. कडूबाई वेणी घालताना ते मोठ्यानं वाचायच्या आणि म्हणायच्या, "सत्तरीत शाळा." एक बिनहुकूम काही रोज येत नाही. पण आला आणि त्यांच्याकडे पाच बदाम असले, की ते दोन चौकट बोलायचे, मी दोन बदाम बोलायचो आणि ते खुशीत टेबलावर बोटं वाजवायचे. ते आठ-दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुरळीत दिवस होते. आम्ही दोघं एकाच पुस्तकातून बोलत होतो.

अकराव्या दिवशी त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात घातलं आणि ते उमापूरला निघाले. कडूबाईंनी तुरीच्या शेंगांची पिशवी बरोबर दिली होती. खिशातून मला एसटीचा खडखडाट ऐकू येत होता, आणि उसाच्या ट्रॉल्या पुढे आल्या की ड्रायव्हरचा हॉर्न. वाटेत आसाराम यांनी एकच वाक्य तीन-चार वेळा हळू म्हणून पाहिलं: "साहेब, मान मीच हलवली होती." शेजारच्या माणसानं विचारलं, "काय म्हनले?" तेव्हा ते म्हणाले, "काय न्हाई."

उमापूरच्या घराचं दार अर्जुनराव यांच्या पत्नीनं, सुभद्राबाईंनी उघडलं. आतून आवाज आला, "कोन हाय?"

"साहेब, मी."

आत खाट करकरली. मग आतला आवाज म्हणाला, "बस."

तासभर दोघं बोलले. ज्वारी कशी आहे, छातीत दोन ठिकाणी जाळी बसवली, गोळ्या किती, जिना चढायचा नाही, मंजुषाची शाळा, वसाहतीतली लिंबाची झाडं तोडली. एसटीतलं वाक्य मात्र आलं नाही. दोनदा आसाराम यांनी "साहेब..." म्हणून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पुढे विचारलं ते ज्वारीबद्दल. शेवटी त्यांनी मला खिशातून काढलं.

"साहेब, ह्येच्यात ब्रिज हाय. दोघं आपन, दोघं ह्ये देतो."

अर्जुनराव हसले. हसताना त्यांना जरा धाप लागली. "माझ्याकडं बी हाय तो. सहा म्हैने झाले. लई पुस्तकी गडी. चौकोनाच्या बाहेर बोलत न्हाई."

म्हणजे तिथेही माझ्यासारखाच एक उत्तरेला बसत होता. इकडे आसाराम माझ्याशी भांडत होते, आणि तिकडे, मध्ये साठ-सत्तर किलोमीटर टाकून, अर्जुनराव त्याच्याशी.

टेबल मांडलं गेलं. अर्जुनराव त्यांच्या फोनवरून उत्तरेला बसले, आसाराम दक्षिणेला. मला उठवून पूर्वेला बसवलं, पश्चिमेला दुसरा एक माझ्या जातीचा. पहिल्यांदाच मी आसाराम यांच्या विरुद्ध बसलो. खेळ सुरू होणार, तेवढ्यात अर्जुनराव म्हणाले, "आसाराम, आधी एक ऐकून घे. ते दोन चौकटचं आपन..."

"चहा बिनसाखरेचा हाय," सुभद्राबाई कप ठेवत म्हणाल्या. "चालंल ना?"

"हां साहेब, हां," आसाराम म्हणाले.

मला मान दिसत नाही. पण एव्हाना मला त्या 'हां'ची ओळख झाली होती. तो आला म्हणजे मान आधीच हलून गेलेली असते.

सहा डाव नीट झाले. दोघांचाही हात जरा जड पडला होता, तरी जुनी गत कुठे कुठे दिसत होती. सातव्या डावात अर्जुनराव बोलले, एक बिनहुकूम. मी पास म्हणालो.

आसाराम यांच्याकडे पाच बदाम होते आणि चौकटचे दोनच पत्ते. अगदी आरशाशेजारच्या कागदावरचा डाव. त्यांचा श्वास मला ऐकू आला. त्यांनी सावकाश बोट टेकलं: दोन चौकट. पश्चिमेनं पास म्हटलं आणि अर्जुनराव यांची पाळी आली.

माझ्या जातीचा कुणी तिथे बसला असता तर क्षणात दोन बदाम बोलला असता. अर्जुनराव यांच्या हातात तर खरोखरच चार बदाम होते. त्यांनी वेळ घेतला. मग बोलले, "पास."

खेळायचा डाव ठरला दोन चौकट. दोघांत मिळून चौकटचे पत्ते पाच, आणि आम्हा दोघा परक्यांकडे आठ. बदाम त्यांच्याकडे नऊ होते, ते असेच वाया गेले. आठ हात करायचे होते, झाले पाच. आम्ही त्यांना तीन हातांनी बुडवलं. मला त्यासाठी काहीच करावं लागलं नाही.

 मग आसाराम यांनी विचारलं, अगदी हळू, "साहेब, पास कावून केलं?"

"तुला ते नवं जमत न्हाई म्हनून जुनं धरलं. दोन चौकट म्हंजी चौकटच, असं आपन धरू, हेच सांगत होतो मघाशी. सहा म्हैने ह्या गड्याबरोबर नवं खेळतोय, पन तुझ्यासाठी जुनं धरलं. तू हां म्हनलास की!"

"मी नवं शिकून आलतो, साहेब. तुमच्यासाठी."

"अन् मघाशी काय ऐकलं?"

"चहा ऐकला."

आधी अर्जुनराव हसले, मग आसाराम. हसता हसता अर्जुनराव खोकायला लागले आणि सुभद्राबाई आतून धावत आल्या, "अहो, डाक्टरनं काय सांगितलंय!" तरी ते थांबेनात. त्या हसण्यातच आसाराम यांचं एसटीतलं वाक्य बाहेर पडलं.

"साहेब, त्या दिवशी बी मान मीच हलवली होती. जीपमधी काय बी ऐकू आलं नव्हतं."

"मला ठाव होतं," अर्जुनराव म्हणाले. आता ते हसत नव्हते. "तू ऐकलं न्हाई हे मला तवाच दिसलं होतं. पन मला बी दुसऱ्यांदा सांगायची सवय नव्हती. साहेब होतो ना."

"मी तुमाला चारचौघांत बे म्हनलो."

"म्हनलास. बावीस वर्षांत तेवढं एकच माझ्या तोंडावर बोललास. बाकी सगळी मानच."

त्यानंतर कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. दोघांपैकी कोण ते मला सांगता येणार नाही. पुढचा डाव वाटायला बराच वेळ लागला. मी पूर्वेला वाट पाहत होतो.

आता मी कायमचा पूर्वेला बसतो. रोज सकाळी साडेनऊला माजलगावातून आसाराम आणि उमापुरातून अर्जुनराव टेबलावर येतात, बाजूला फोन लावून ठेवतात आणि आम्हा दोघांशी खेळतात. उत्तरेची जागा माझी राहिली नाही. कडूबाई मला अजूनही उत्तरेश्वरच म्हणतात. कधीकधी अर्जुनराव यांना दवाखान्यात जायचं असतं, त्या दिवशी आसाराम मला परत समोर बसवतात. तेव्हा आमच्या बोली चोख जुळतात, डाव सुटतात, आणि तासाभरात ते फोन ठेवून टाकीचं पाणी बघायला जातात.

हिशोबानं पाहिलं तर ते दोघे खराब खेळतात. त्यांच्या बोलींची माझ्या पुस्तकात कुठे नोंद नाही. त्या सातव्या डावातला पास मी शंभर वेळा वाटून पाहिला, शंभर वेळा चूक निघाला. माझ्याकडून तो झाला नसता. समोरचा आपल्यासाठी मागे परत येईल की आपण त्याच्यासाठी पुढे जावं, हे ठरवायचा चौकोन माझ्या पोटात नाही.

माझ्यासारखा जोडीदार तुमच्याही समोर बसत असेल, तर एवढीच विनंती. माझ्या बोलीला दगड म्हणण्याआधी तिच्यावर एकदा बोट दाबून धरा. अर्थ लिहिलेला असतो. माणसाच्या बोलीत तो लिहिलेला नसतो, तिथे विचारावं लागतं, आणि ते तुम्हा लोकांना इतकं जड का जातं ते मला अजून कळलेलं नाही.

दोन चौकटचं त्यांचं अजून ठरलेलं नाही. रोज पत्ते वाटण्याआधी अर्जुनराव सांगायला लागतात, आणि रोज वाक्य अर्ध्यावर असताना इकडून येतं, "हां साहेब."

"काय ऐकलं, सांग बरं," तिकडून आवाज येतो.

इकडे आसाराम नुसते खाकरतात. मग अर्जुनराव पहिल्यापासून पुन्हा सांगतात, सावकाश, एकेक शब्द सोडवून. कधी तीनदा सांगतात. घड्याळ पुढे जात असतं, पत्ते वाटायचे राहिलेले असतात, आणि मी पूर्वेला बसून थांबलेला असतो.